पोतदाराची नजर

जेसोरच्या कलेक्टर कचेरीत राधागोविंद चंद्र खजिन्यातली नाणी पारखत असत. आपल्याकडे या कामाला पोतदारी म्हणायचे. एंट्रन्सच्या परीक्षेने तीनदा हुलकावणी दिलेल्या या बंगाली गृहस्थांचा दिवस रुपयांत जाई आणि रात्र ताऱ्यांत. १९१० साली हॅलेचा धूमकेतू त्यांनी द्विनेत्रीतून पाहिला, दोन वर्षांनी इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एरवी तिथे नसलेला एक ठळक तारा त्यांना दिसला. तो नवतारा होता, म्हणजे अचानक भडकलेला तारा. चंद्रांनी अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेला कळवले आणि त्यातून 'आव्सो' या संस्थेशी त्यांचे नाते जुळले.

आव्सो म्हणजे रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेणाऱ्यांची अमेरिकन संघटना. विल्यम ऑल्कॉट या वकिलाने, हौशी आकाशनिरीक्षकाने, ती १९११ मध्ये उभी केली. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक पिकरिंग पाठीशी होते. रूपविकारी तारा म्हणजे ज्याचे तेज कमीजास्त होते असा तारा. कुणी फुगतो-आकसतो, कुणाला जोडीदार झाकतो, कुणी अचानक भडकतो. तिमिंगल तारकासमूहातल्या मीरा ताऱ्याला तेजाच्या एका फेऱ्यासाठी सुमारे ३३२ दिवस लागतात. असे शेकडो तारे वर्षानुवर्षे सांभाळत बसायला मोठ्या दुर्बिणींना सवड कुठली? ते काम हौशी माणसांनी अंगावर घेतले.

कामाची रीत पोतदाराला परकी वाटू नये अशीच आहे. नकाशावर रूपविकारी ताऱ्याभोवती ठरलेल्या तेजाचे तारे दिलेले असतात. हे तेज 'प्रत' या आकड्यात मोजतात. ७.२ प्रतीच्या ताऱ्यापुढे नुसते '७२' लिहितात, कारण दशांशाचा ठिपकाही नकाशात तारा वाटू शकतो. आपला तारा ७.२ आणि ७.८ यांच्यामध्ये, पण पहिल्याला जवळ वाटला, तर ७.४ लिहायचे. सरावलेली नजर एक दशांश प्रतीपर्यंत फरक ओळखते. काल काय लिहिले होते ते मात्र वेधाआधी पाहायचे नाही. नाहीतर डोळा आकाशाऐवजी वहीचे ऐकतो. तारा दिसलाच नाही, तर शेजारचा कितव्या प्रतीपर्यंतचा तारा दिसत होता ते नोंदवायचे. 'दिसला नाही' हीसुद्धा नोंदच असते.

हौशी निरीक्षक धूमकेतूंचेही तेज मोजतात, पण ते आणखी अवघड. तारा हा बिंदू, धूमकेतू हा कापसाचा बोळा. त्यांची थेट तुलना कशी करणार? म्हणून धूमकेतूचा आकार व उजळपणा मनात धरायचा, मग दुर्बिणीची नाभी हलवून ताऱ्यांनाच तेवढे पसरट करायचे आणि कोणता तारा जुळतो ते पाहायचे.

चंद्रांची चिकाटी पाहून आव्सोने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण धाडली. १९५४ पर्यंत त्यांनी सदतीस हजारांहून अधिक वेध नोंदवले. पुढे ती दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंच्या हाती आली आणि नंतर तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली. बाप्पूंनाही रूपविकारी ताऱ्यांचा नाद विद्यार्थीदशेपासूनच. हार्वर्डला शिकत असताना १९४९ मध्ये छायाचित्रात सापडलेल्या एका धूमकेतूला बॉक आणि न्यूकर्क यांच्यासोबत त्यांचेही नाव मिळाले.

रूपविकारी तारे आणि धूमकेतू हे दोन्ही छंद एकाच माणसात पाहायचे, तर न्यूझीलंडचे अल्बर्ट जोन्स आठवतात. त्यांनी नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर पाच लाखांहून अधिक वेध घेतले. १९४६ मध्ये एका रूपविकारी ताऱ्याकडे दुर्बीण वळवताना त्यांना धूमकेतू सापडला. दुसरा सापडला तो थेट २००० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आणि त्याही रात्री ते रूपविकारी ताऱ्याचाच वेध घ्यायला बसले होते. मधल्या चोपन्न वर्षांत ते आकाशाचे तेच ते कोपरे पुन्हा पुन्हा पाहत राहिले. म्हणूनच तिथला एक नवा पुसट डाग त्यांच्या नजरेतून सुटला नाही. खोटा रुपया हाताला लागताच पोतदाराची बोटे थबकतात, तसे.