सुगी ते मोह: सूरजागडचे नाताळनंतरचे दिवस

नाताळ आणि नवे वर्ष यांच्या मधल्या दिवसांना युरोपात वेगळे स्थान आहे. जर्मन लोक त्यांना ‘दोन वर्षांच्या मधले दिवस’ म्हणतात. नॉर्वेजियन भाषेत त्यांच्यासाठी ‘रोमयूल’ हा स्वतंत्र शब्दच आहे. ख्रिस्ती परंपरेत नाताळ एका दिवसात आटोपत नाही. 25 डिसेंबरला सुरू झालेला हा काळ 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. गोव्यात रेइश मागुश, कांसावली आणि चांदोर येथे हा सण आजही थाटाने होतो. सण धर्माचा असला, तरी या दिवसांच्या निवांतपणाला शेतीचाही आधार आहे. धान्य घरात आलेले असते, जमीन थंडीने आखडलेली असते आणि पुढच्या कामाला अवकाश असतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगराभोवती माडिया गोंडांची गावे आहेत. तिथे नाताळ हा बहुतेकांचा सण नाही. तरीही वर्षातला निवांत काळ जवळपास याच दिवसांत येतो, कारण जंगल आणि शेती यांचे वेळापत्रक तो मोकळा ठेवते.

या भागातले मुख्य पीक धान. दिवाळीच्या आगेमागे कापणी सुरू होते, भारे खळ्यावर येतात आणि बैल फिरवून मळणी होते. उफणलेले धान बांबूच्या, शेणामातीने लिंपलेल्या ढोलीत भरले जाते. डिसेंबर सरता सरता हे काम आटोक्यात येते. मोहाची फुले पडू लागतात ती मार्चच्या सुमारास. तेव्हा पहाटेपासून घरातली लहानमोठी सगळीच माणसे झाडाखाली असतात. त्यामागून तेंदूपानांचा हंगाम येतो आणि पावसाळा लागला की पेरणी. सुगी आणि मोह यांच्या मधली फट ती हीच. माणसे या काळातही रिकामी बसत नाहीत. बांबू तोडायचा असतो, कुंपणे नीट करायची असतात, सरपण आणायचे असते. पण यातले कोणतेही काम ‘आजच’ म्हणून अंगावर येत नाही. धान पावसात भिजेल ही धास्ती संपलेली असते.

दिवसही लहान असतो. डिसेंबरअखेर इथे उजेड जेमतेम अकरा तासांचा. पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो आणि जंगलातला गारठा अंगाला झोंबू लागतो. मग अंगणात शेकोटी पेटते. जाड ओंडक्यांची टोके आत एकमेकांना भिडवलेली असतात. जळतील तशी ती पुढे सरकवायची. अशी शेकोटी रात्रभर टिकते आणि तिच्याभोवतीच्या गप्पाही. कोणाकडे किती धान झाले, कोणाचे लग्न जमते आहे, कोणत्या गावाला पाहुणे जायचे, हे सारे तिथेच ठरते.

वैनगंगेच्या काठच्या झाडीपट्टीत हाच मोकळा काळ वेगळ्या रीतीने भरतो. धान घरात आले की तिथे मंडई म्हणजे जत्रा भरतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्र-रात्र नाटके चालतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या नाटकमंडळ्यांचे मुख्य ठिकाण. या रंगभूमीवरचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सुगीनंतरचा विसावा म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे झाडीपट्टीत जसे दिसते तसेच सूरजागडलाही दिसते.

दरवर्षी 5 ते 7 जानेवारीला सूरजागडला ठाकूरदेवाची यात्रा भरते. गोव्यात तीन राजांचा सण होतो तो 6 जानेवारीचा दिवस या यात्रेच्या मधोमध येतो. हा निव्वळ योगायोग. पण दोन्हीकडे निवांत दिवसांचा शेवट माणसे एकत्र येऊनच करतात. सूरजागड इलाक्यातली सुमारे 70 गावे या देवस्थानाला आपले मानतात. देव डोंगरावर आहे, किंबहुना डोंगरच देवाचा आहे, अशी श्रद्धा. पूजा पारंपरिक पुजाऱ्यांच्या हातून होते, ढोल वाजतात, हातात हात गुंफून रेला नाच होतो. याच डोंगराशी 1858 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे वीर बाबुराव शेडमाके यांची स्मृतीही जोडलेली आहे. त्यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांदा येथे फाशी देण्यात आली. यात्रेत सभाही होते. वनहक्क, ग्रामसभेचे अधिकार आणि खाण हे विषय तिथे निघतात.

खाण हा विषय टळण्यासारखा नाही, कारण देवाचा हा डोंगर लोहखनिजाचाही आहे. 2007 मध्ये लॉइड्स मेटल्स या कंपनीला इथे सुमारे 348 हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. डिसेंबर 2016 मध्ये, नाताळच्या तोंडावर, माओवाद्यांनी खनिज वाहून नेणारी 70 हून अधिक वाहने जाळली. 2021 पासून उत्खननाने पुन्हा वेग घेतला आणि 2023 मध्ये वार्षिक उत्पादनमर्यादा 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर गेली. खाणीमुळे रोजगार आला, त्याबरोबर ट्रकांची रांग आणि रस्त्यावरची लाल धूळही आली. डोंगर हेच दैवत मानणाऱ्यांचा विरोध त्यामुळे मिटलेला नाही.

या भागातल्या शांततेला बंदुकीचाही संदर्भ आहे. 2 ते 8 डिसेंबर हा माओवाद्यांच्या सशस्त्र दलाचा स्थापना सप्ताह. त्या दिवसांत पत्रके लागत, बंद पाळला जाई, वाहने थांबत. अनेक वर्षे डिसेंबरचा आरंभ असा धास्तीत जाई. अलीकडे चित्र बदलले. 1 जानेवारी 2025 रोजी मुख्यमंत्र्यांसमोर माओवादी नेत्या ताराक्कासह 11 जणांनी शस्त्रे खाली ठेवली. त्याच दिवशी एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्यापर्यंत एसटी सुरू झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपती या वरिष्ठ नेत्याने 60 साथीदारांसह आत्मसमर्पण केले.

सूरजागडच्या निवांत दिवसांमागे अशा तीन गोष्टी आहेत. पहिली भरलेली ढोली: वर्षाच्या अन्नाची सोय झाल्याशिवाय मनाला विसावा नाही. दुसरी सोबत: शेकोटी आणि यात्रा, दोन्हींना माणसे लागतात. तिसरी निर्भय वाट: रात्री नाच आटोपून जंगलातून गावी परतता आले पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी गाव स्वतः उभ्या करते. तिसरीसाठी बंदूक थांबावी लागते, आणि देवाच्या डोंगराचे काय करायचे या प्रश्नावर यात्रेतल्या सभेचे म्हणणे ऐकले जावे लागते. 7 जानेवारीनंतर माणसे आपापल्या गावी परततात. मोह पडायला तेव्हा दोनेक महिने उरलेले असतात.