ध्वनीने गुठळी विरघळते काय?

‘सोनोग्राफीच्या लहरींनी मेंदूतली गुठळी विरघळते म्हणे, खरे का?’ असे मला अधूनमधून विचारण्यात येते. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका शब्दात देण्यासारखे नाही.

आपण ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतो. पण त्यात वाऱ्याचा काही दोष नसतो. बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबलेली असते. गुठळी विरघळवणारे औषध १९९६ साली अमेरिकेत मान्य झाले. परंतु घट्ट गुठळीत ते हळूहळू झिरपते. इथे ध्वनी उपयोगी पडतो. कानाला न ऐकू येणाऱ्या या लहरी गुठळीवर घण घालीत नाहीत. चहात चमचा फिरवला की साखर लवकर विरघळते, तद्वत त्या भोवतालचा द्रव हलवून औषधाला वाट करून देतात. कानशिलापाशी हाड पातळ असल्याने लहरी तिथून आत सोडतात.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉ. आंद्रेई अलेक्झांड्रोव्ह यांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. १२६ रोग्यांना औषध दिले. त्यांपैकी निम्म्यांवर दोन तास लहरी सोडल्या. दोन तासांत वाहिनी पूर्ण मोकळी होणे वा रोग्याला ठळक उतार पडणे, हे लहरींच्या गटात शेकडा ४९, तर दुसऱ्या गटात शेकडा ३० जणांच्या बाबतीत घडले. सर्वत्र आशा पालवली!

पण जर्मनीत कमी कंपनांच्या, हाडातून सहज जाणाऱ्या लहरी वापरल्या, तेव्हा १४ पैकी १३ रोग्यांच्या मेंदूत रक्तस्रावाच्या खुणा दिसल्या. तो प्रयोग थांबवावा लागला. पुढे डोक्याला यंत्र बांधून ६७६ रोग्यांवर मोठा प्रयोग झाला. २०१९ साली त्याचा निकाल छापून आला: तीन महिन्यांनी पाहता लहरींचा जादा लाभ आढळला नाही. दरम्यान २०१५ साली, जांघेतून बारीक नळी सरकवून मोठी गुठळी ओढून काढण्याचा उपाय सिद्ध झाला होता.

म्हणून माझे सांगणे एवढेच: लहरींच्या भरवशावर राहू नका. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, की तेल चोळीत बसू नका. घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवा आणि सी. टी. स्कॅनची सोय असलेले इस्पितळ गाठा. औषधाची मुदत साधारणपणे साडेचार तासांचीच असते.