तापमानाचा उंचीनुसार ऱ्हास

वातावरणात वर जावे तसतसे हवेचे तापमान कमी होत जाते. या आविष्कारास तापमान ऱ्हास आणि ठराविक उंचीमागे होणाऱ्या घटीस ऱ्हास दर म्हणतात. वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात, म्हणजे तपांबरात, हा दर सरासरीने १,००० मी. उंचीस सु. ६.५° से. असतो. तपांबराची उंची ध्रुवांजवळ सु. ८ किमी., तर विषुववृत्ताजवळ सु. १६ ते १८ किमी. असते. त्यावरील स्थितांबरात ओझोन वायू सूर्याचे जंबुपार प्रारण शोषून घेतो. त्यामुळे तेथे तापमान उंचीबरोबर वाढत जाते.

कारणे : सौर प्रारणाचा थोडाच भाग हवेत सरळ शोषला जातो, बराचसा भाग भूपृष्ठ तापविण्यात खर्च होतो व तापलेल्या भूपृष्ठामुळे हवा खालून वर तापत जाते. शिवाय वर चढणाऱ्या हवेवरील दाब कमी होऊन ती प्रसरण पावते. या प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा हवेच्या स्वतःच्या उष्णतेतून खर्च होत असल्याने हवा थंड होते. बाहेरून उष्णतेची देवघेव झाली नाही, तर कोरड्या हवेचे तापमान १,००० मी. स सु. ९.८° से. ने घटते. हवा बाष्पाने संपृक्त असल्यास सांद्रीभवनामुळे सुप्त उष्णता मुक्त होते आणि ही घट बरीच कमी, उष्ण प्रदेशात सु. ४° ते ६° से. एवढीच राहते.

सातारा-सांगली भागातील उदाहरणे : कृष्णाकाठचे सांगली समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर, तर त्याच नदीच्या उगमाजवळील महाबळेश्वर सु. १,३७२ मी. उंचीवर आहे. सरासरी दराने या दोन ठिकाणांच्या तापमानांत सु. ५° से. चा फरक यावयास हवा. प्रत्यक्षात एप्रिलमधील कोरड्या दुपारी जमिनीलगतची हवा जोराने वरखाली मिसळत असल्याने हा फरक कोरड्या हवेच्या दराकडे झुकतो व सु. ८° से. पर्यंत जातो. पावसाळ्यात कोकणातून सह्याद्री चढणारी हवा संपृक्त असल्याने तिच्या तापमानातील घट मंद होते. घाटमाथ्यावर पाऊस पाडून ती पूर्वेकडे उतरते, तेव्हा दाबामुळे आकुंचन पावून पुन्हा तापते व तिची सापेक्ष आर्द्रता घटते. माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके अवर्षणप्रवण असण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

तापमानाची विपरीतता : हिवाळ्यातील निरभ्र व निर्वात रात्री हा क्रम उलटतो. भूपृष्ठ प्रारणाने उष्णता गमावून जलद निवते, त्यालगतची हवा थंड व जड होते आणि उतारांवरून घरंगळत सखल भागात साचते. त्यामुळे खालची हवा थंड व वरची तीहून उबदार, अशी स्थिती निर्माण होते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या खोलगट परिसरात दवबिंदू गोठून पांढरा थर दिसतो, तो अशाच पहाटे; त्या वेळी गावातील तापमान मात्र गोठणबिंदूच्या बरेच वर असू शकते. याच कारणाने सु. ८०० मी. खाली असलेल्या पुण्याचे किमान तापमान काही हिवाळी रात्री महाबळेश्वरपेक्षा कमी भरते. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सु. १.२ मी. उंचीवर छायापेटीत ठेवलेला असतो. गवताच्या पात्यालगतचे तापमान त्याहून काही अंशांनी कमी असू शकते, हेही लक्षात घ्यावे लागते.

महत्त्व : विपरीततेचा थर झाकणासारखा असल्याने धूर व धुके दरीतच कोंडून राहतात आणि सूर्योदयानंतर जमीन तापू लागली, की विरतात. शेतीच्या दृष्टीने ही बाब अधिक महत्त्वाची आहे. उतारावरील स्ट्रॉबेरी सुरक्षित राहून त्याच शिवारातील तळाच्या वाफ्यांना दहिवराची बाधा होऊ शकते. म्हणून थंडीस नाजूक असलेल्या पिकांसाठी जागा निवडताना समुद्रसपाटीपासूनच्या उंचीइतकेच जमिनीच्या उताराकडे आणि थंड हवेला निचरा होण्यास वाट आहे की नाही याकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.