जागच्या जागी जुना होणारा कोड

पिंप्राळ्यात मे महिन्याच्या दुपारी लाईट गेली की लिनक्स कर्नलमधल्या एनएफएस कोडची माझी चाचणी आपोआप सुरू होते. लॅपटॉप आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत. पलीकडच्या खोलीतला जुना डेस्कटॉप मुद्दाम त्यावर ठेवलेला नाही. तोच माझा एनएफएस सर्व्हर, म्हणजे त्याच्यावरच्या फाइली लॅपटॉप नेटवर्कवरून वापरतो.

चालू असलेली कॉपी जिथल्या तिथे थांबते. थोड्या वेळाने लॉगमध्ये कर्नलची ओळ उमटते: सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहेत. सीपीयू रिकामा, तरी लोड ॲव्हरेज चढत जातो, कारण उत्तराची वाट पाहत ‘डी’ अवस्थेत अडकलेल्या प्रोसेसही त्यात मोजल्या जातात. पूर्वी अशी प्रोसेस ‘किल मायनस नाइन’लाही दाद देत नसे. २००८ च्या २.६.२५ कर्नलपासून निदान मरते तरी. लाईट आली, डेस्कटॉप उठला की कॉपी थांबली होती तिथून पुढे निघते.

ही करामत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात केलेल्या मूळ मांडणीची. सर्व्हरने काहीच लक्षात ठेवायचं नाही. कोणती फाइल, कुठून, किती, हे क्लायंटने दर वेळी नव्याने सांगायचं. त्यामुळे मधे सर्व्हर मेला काय अन् उठला काय. पण कोणी फाइल उघडून बसलंय हेही त्याला ठाऊक नसतं. उघडी फाइल डिलीट केली तर तो खुशाल पुसून टाकेल, म्हणून क्लायंट तिला डॉट-एनएफएसने सुरू होणारं नाव देऊन लपवतो. या युक्तीला कर्नलवाले ‘सिली रिनेम’ म्हणतात. वेडगळ खरीच, पण काढून बघा!

शेजारचे काका विचारतात, “दिवसभर काय करी राह्यला रे भो?” वाचतोय, असं सांगतो. लिहिणं खरंच थोडं असतं. एखादी विचित्र अट कुणी, कशासाठी घातली ते शोधत बसायचं. गिट ब्लेम लावला की जुन्या ओळी एप्रिल २००५ ला जाऊन अडतात, कारण लिनक्सचा गिटमधला इतिहास तिथून सुरू होतो; आधीचं सगळं एकाच कमिटच्या पोटात. एनएफएसच्या काही फाइलींच्या माथ्यावर मात्र रिक स्लॅडकी हे नाव आणि १९९२ साल अजून आहे.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते जुनं एनएफएस ज्यावरून चालायचं त्या यूडीपीने. ८ केबीचं उत्तर नेहमीच्या इथरनेटवर सहा तुकड्यांत जातं. कोणता तुकडा कोणत्या पॅकेटचा, हे ओळखायला आयपीकडे १६ बिटांचा क्रमांक, म्हणजे ६५,५३६ पॅकेटांनंतर तेच क्रमांक पुन्हा. १० मेगाबिटच्या तारेवर हा फेरा पुरा व्हायला सात मिनिटं लागायची. गिगाबिटवर पाच सेकंदही लागत नाहीत; आणि राहिलेल्या तुकड्यांची वाट लिनक्स ३० सेकंद पाहतो. एखादा तुकडा हरवला तर त्याच्या जागी तोच क्रमांक लागलेल्या दुसऱ्याच पॅकेटचा तुकडा बसू शकतो. चेकसमही १६ बिटांचाच, त्यामुळे असा चुकीचा जोड कधीतरी त्यातून निसटतो. फाइल बिघडते आणि कुठेही एररची ओळ नाही. कोडमध्ये कुणी काही बदललेलं नाही. तार वेगवान झाली, एवढंच. २०२० मधल्या ५.६ पासून एनएफएसचं यूडीपी बंदच ठेवून मिळतं. हवं असेल त्याने कर्नल बांधताना चालू करावं.

बाकीचं जुनेपण आतून येतं. ५.१६ मध्ये मेमरीच्या पानांच्या हिशेबासाठी ‘फोलिओ’ आले आणि एकेक फाइलसिस्टिम त्यांच्याकडे वळवावी लागली. ज्याला वाली नाही, त्याचं कोण करणार? नेटवेअरसाठीचा एनसीपीएफएस तर फोलिओंच्याही आधी, २०१८ साली काढून टाकला. मला त्यात वाईट काही वाटलं नाही. न वाचलेला कोड कर्नलच्या आत ठेवणं जास्त धोक्याचं.

एनएफएसच्या आवृत्ती ३ चं तसं नाही. तिचा आराखडा १९९५ चा, पण वापर आजही भरपूर. म्हणून पॅच पाठवण्याआधी त्याच चाचण्या ३ वर, मग ४.०, ४.१, ४.२ वर. चौथ्या आवृत्तीत सर्व्हर लॉक लक्षात ठेवतो, म्हणून उठल्यावर जुने लॉक परत मागायला साधारण ९० सेकंदांची मुदत देतो. तेवढ्यात नवीन लॉक मिळत नाही. मी चहा टाकतो.