म्हैसूरची येझदी, तिरोडीची पडवी

तिरोडी हे नाव आपल्याकडच्या फार थोड्या वाचकांच्या कानावरून गेलं असेल. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं, महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्याला खेटून असलेलं हे मँगनीजच्या खाणीचं गाव. तुमसर रोडहून रेल्वेचा एक फाटा इथे येतो. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. त्यामुळे मराठी, हिंदी आणि पोवारी इथे एकाच ओट्यावर बसून बोलतात. आम्हां निपाणीकरांना त्यात नवल वाटत नाही. आपल्याकडे हिंदीच्या जागी कन्नड असते, एवढाच फरक.

माझे बाबा १९७४ मध्ये इथल्या खाणीत नोकरीला लागले. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि आई आली. आई संकेश्वरजवळच्या खेड्यातली, माहेर पूर्ण कन्नड. दोघं आली ती रेल्वेनं नव्हे, तर नव्या कोऱ्या येझदी मोटारसायकलवरून! निपाणी, कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, नागपूर, तुमसर असा हजारेक किलोमीटरचा प्रवास चार दिवसांत झाला. सामान म्हणजे मागे बांधलेली एक ट्रंक आणि आईच्या मांडीवर ऑइलचा डबा.

बाबा २००८ मध्ये गेले. तेव्हापासून गाडी मागच्या पडवीत उभी होती. भंगारवाले दरवर्षी विचारायचे, आई दरवर्षी नाही म्हणायची. २०२५ च्या दिवाळीनंतर मी आणि माझ्या सोळा वर्षांच्या मुलानं तिच्यावरची पोती काढली. त्या कामाची ही हकिगत. अशी एखादी गाडी तुमच्याही गोठ्यात उभी असेल, म्हणून जरा तपशिलात सांगते.

गाडीचं कुळ

येझदी ही आपल्या कर्नाटकची लेक. मूळ घराणं चेकोस्लोव्हाकियाचं. यानेचेक हे उद्योजक आणि वांडरर ही कंपनी यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून १९२९ मध्ये 'जावा' हे नाव तयार झालं. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना काढला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्या येझदी नावानं विकल्या गेल्या. हे नाव चेक भाषेतल्या 'जाणं, स्वारी करणं' या शब्दावरून आलं असं काही जण सांगतात, तर काही जण त्याचा संबंध इराणातल्या यझ्द शहराशी जोडतात.

कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पुढे महिंद्र समूहाच्या साथीनं 'क्लासिक लेजंड्स' कंपनीनं २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी पुन्हा बाजारात आणली. या नव्या गाड्या बनतात त्या मध्य प्रदेशातच, पीथमपूरला. म्हणजे आईसारखंच, माहेर कर्नाटक आणि सासर मध्य प्रदेश.

कामाला सुरुवात

वाराशिवनीच्या एका जुन्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "किकला हात लावू नका." पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून अडकलेला असला, तर जोर लावल्यानं रिंगा तुटतात. आम्ही प्लग काढून त्या भोकातून रॉकेल आणि डिझेल ओतलं आणि आठ दिवस गप्प बसलो. नवव्या दिवशी मागचं चाक हळूच हलवलं, तेव्हा पिस्टन सुटला.

मग गाडी खोलली. प्रत्येक नट काढण्याआधी मुलानं मोबाइलवर फोटो काढला. सुटे भाग आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत ठेवले आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. जुळणीच्या वेळी याच चिठ्ठ्यांनी तारलं.

या इंजिनाची मौज अशी की सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. किक आणि गिअर यांचा दांडाही एकच. तो आत दाबून फिरवला की किक, एरवी गिअर. या टू-स्ट्रोक इंजिनात वेगळा ऑइल पंप नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, त्यावरच आतल्या भागांना वंगण मिळतं. शिवाय क्रँकची पेटीच पेट्रोल आणि हवा आत ओढून वर ढकलते. ती हवाबंद नसेल तर गाडी सुरू होत नाही, झालीच तर तापते. सतरा वर्षांत क्रँकची रबरी ऑइल सील वाळून कडक झाली होती. ती बदलणं हे पहिलं काम.

सिलिंडर नागपूरला लेथवर पाठवून बोअर करून घेतला, ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या. सायलेन्सरच्या आतली नळी काळ्या कार्बननं बुजली होती, ती काढून जाळून साफ केली. टाकीत व्हिनेगर आणि मूठभर लहान नट घालून ती दोन दिवस हलवत राहिलो. गंज उतरल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली, वाळवली आणि आतून ऑइल फिरवलं. डायनामो सहा व्होल्टचा. त्याचे ब्रश घासले होते, ते नवे टाकले. टायर, ट्यूब, केबल आणि ब्रेकचे लायनर मात्र दिसायला बरे असले तरी जुने ठेवू नयेत. इथे जिवाशी गाठ असते.

आजच्या पेट्रोलबद्दलही एक सूचना. त्यात आता २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं आणि जुनं रबर फुगवतं. म्हणून पेट्रोलची नळी आणि वॉशर इथेनॉलला टिकणारे घ्यावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

गाली, गाळी आणि निधान

आता मुख्य गोष्ट. आईला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. अशा आजारात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी विरते आणि लहानपणीची मागे उरते. आईचं तसंच झालं. पन्नास वर्षं ती इथे मराठी-हिंदी बोलली, पण गेली दोन वर्षं तिच्या तोंडी फक्त कन्नड आहे. मला ती येते. माझ्या मुलाला येत नव्हती. आजी आणि नातू एका घरात राहून मुके झाले होते.

गाडीचं काम पडवीत चालायचं आणि आई शेजारी खुर्चीत बसायची. एके दिवशी तिनं चाकाकडे बोट दाखवून म्हटलं, "गाली." मुलगा हिंदी शाळेतला. तो गोरामोरा होऊन म्हणाला, "आई, आजी मला शिवी देते!" मी हसून सांगितलं, अरे, कन्नडमध्ये गाली म्हणजे चाक. आणि गाळी म्हणजे हवा. त्यानं चाकात हवा भरत तिला विचारलं, "गाळी?" आईनं मान डोलावली.

तिथून त्याची वही सुरू झाली. तुक्कु म्हणजे गंज, कब्बिण म्हणजे लोखंड, एण्णे म्हणजे तेल. तो घाईनं नट आवळू लागला की आई म्हणे, "निधान, निधान." आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, कन्नडमध्ये हळू, सावकाश. सीमेवरच्या घरांतल्या मुलांना असे शब्द फुकट मिळतात. माझ्या मुलाला ते जुन्या गाडीनं मिळवून दिले.

गाडी विकण्यावरून मात्र घरात वाद झाला. माझा भाऊ पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, नवा रंग आणि नवं क्रोम करून विकावी, बंगळूरला हौशी गिऱ्हाइकं आहेत, आईच्या औषधपाण्याला पैसा होईल. म्हणणं खोटं नव्हतं. औषधांचा खर्च आम्ही दोघं वाटून घेतो आणि तो काही थोडा नाही. पण टाकीच्या उजव्या बाजूला एक पोचा आहे. भाऊ आला तेव्हा आई त्या पोच्यावर बोट फिरवत "नांदेड, नांदेड" असं पुटपुटत होती. तिथं गाडी आडवी झाली होती, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भाऊ थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "टाकीला हात लावू नकोस. सध्या राहू दे." सांगाड्याचा गंज घासून आम्ही काळा रंग दिला. टाकी पोच्यासकट जुन्याच रंगात ठेवली.

फेब्रुवारीत गाडी सुरू झाली. निळा धूर पडवीभर झाला. आईनं कन्नडमध्ये विचारलं, "एण्णे हाकिदेया?" तेल घातलंस का? मुलानं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "हौदु अज्जी." दुसऱ्या दिवशी आईला यातलं काही आठवत नव्हतं. औषध म्हणून हे मी कुणाला सांगणार नाही. पण नातवाला आता रोज तिच्याशी बोलता येतं.

कागद आधी बघा

जुन्या गाडीत हात घालण्याआधी तिचं नोंदणीपुस्तक शोधा. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, दुसऱ्या राज्यातली नोंदणी असेल तर मूळ आरटीओच्या ना-हरकत दाखल्यासाठी फॉर्म २८, आणि मुदत संपली असेल तर नूतनीकरणासाठी फॉर्म २५ लागतो.

२०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शनं आणि रॅली एवढ्यापुरतीच. आम्ही साध्या नूतनीकरणाचा मार्ग धरला आहे, कारण मुलाला ती अठराव्या वर्षी चालवायची आहे. ना-हरकत दाखला यायचा आहे. तोवर येझदी अंगणाबाहेर जाणार नाही.

रविवारी सकाळी पाच मिनिटं इंजिन चालवतो. ऑइल मोजून घालण्याचं काम नातवाकडे असतं, आणि मोजमाप बरोबर आहे की नाही ते आजी बघते.