ऑपरेशनपूर्वी ‘शक्तीच्या गोळ्या’ही डॉक्टरांना सांगा



गळीत हंगाम आटोपला, उसाचे बिल हाती आले, की लांबणीवर टाकलेली ऑपरेशने उरकून घेण्याची आपल्याकडे घाई सुरू होते. कुणाचा हर्निया, कुणाचा गुडघा. डॉक्टर आधी विचारतात, “कोणती औषधे चालू आहेत?” आपण बिनधास्त सांगतो, “औषध काही नाही.” व्हिटॅमिनची कॅप्सूल, माशाच्या तेलाची गोळी, लसणाच्या अर्काची किंवा हळदीची कॅप्सूल, कुणी आणून दिलेले चूर्ण हे आपण औषधात धरतच नाही. चूक होते ती इथेच.

रक्त थांबते कसे, ते आधी पाहू. पाटाला भगदाड पडले की आपण आधी ढेकळे टाकतो आणि मग चिखल लिंपतो. शरीरातही तसेच घडते. जखमेच्या तोंडाशी प्लेटलेट नावाचे सूक्ष्म कण गोळा होतात. मग रक्तातली प्रथिने त्यावर जाळे विणतात आणि गुठळी पक्की होते. यातली काही प्रथिने तयार करायला यकृताला ‘के’ जीवनसत्त्व लागते. पालक, मेथी, कोथिंबीर अशा हिरव्या पाल्यातून ते मिळते.

ही साखळी तुटली तर काय होते, हे जगाला जनावरांनी शिकवले. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हर नावाची, लसूणघासासारखी वैरण कुजकी-बुरशीची खाल्लेली जनावरे शिंगे कापली किंवा खच्चीकरण केले की रक्त न थांबून मरू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा डबा आणि ती वैरण घेऊन तिथल्या विद्यापीठात पोचला. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढे त्या वैरणीतले द्रव्य शोधून काढले. ते ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणत होते. त्यावरूनच वॉर्फरिन तयार झाले. १९४८ पासून ते उंदीर मारायला वापरले जाऊ लागले आणि १९५० च्या दशकात माणसांसाठी रक्त पातळ करण्याचे औषध म्हणून आले. त्या जनावरांतला दोष कळला तो शिंगाला करवत लागल्यावर. माणसाचेही तसेच होऊ शकते.

‘ई’ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतले, तर ‘के’च्या कामात आड येते. लसणाचा अर्क आणि गिंको हे प्लेटलेट एकमेकांना चिकटण्याचे काम मंदावू शकतात. हळदीच्या कॅप्सूलबाबतही डॉक्टर सावध असतात. अ‍ॅस्पिरिन किंवा अंगदुखीच्या काही गोळ्या सोबत चालू असतील तर धोका वाढतो.

मात्र घाबरून फोडणीतला लसूण आणि भाजीतली हळद सोडू नये. प्रश्न रोजच्या जेवणाचा नाही, बाटलीतल्या जास्त मात्रेचा आहे. शिवाय सगळ्याच गोष्टी सारख्या नाहीत. माशाच्या तेलाबद्दल पूर्वी फार भीती होती. पण हृदयाच्या ऑपरेशनच्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीत त्याने रक्तस्राव वाढलेला दिसला नाही, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. म्हणून काय बंद करायचे, ते डॉक्टरांनीच ठरवावे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्यांनी, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांसारखी गोळी कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नये. गुठळी होऊन जिवावर बेतू शकते.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे:

१) ऑपरेशन ठरताच, शक्यतो दोन आठवडे आधी, घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या आणि चूर्णे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. काही गोष्टींचा परिणाम उतरायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

२) भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही तेच सांगावे. दात काढतानाही सांगावे.

३) हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, थोड्याशा माराने अंग काळेनिळे पडते, असे असेल तर आधीच बोलावे.

तातडीचे ऑपरेशन असेल तर माहिती सोबतच्या नातेवाइकाला द्यावी लागते. म्हणून आपण काय-काय घेतो, हे घरच्या माणसांनाही ठाऊक असू द्यावे.

उसाला कोणते खत किती पडले, हे आपण बिनचूक सांगतो. स्वतःच्या शरीरात काय पडते, तेही तसेच सांगता आले पाहिजे, एवढीच आमची विनंती.