प्रकाशीय स्विचिंग आणि संकेताची पुनर्निर्मिती

गैरसमज १ : प्रकाशाची शक्ती वाढवली की संकेत पूर्ववत होतो.

वस्तुस्थिती : ऑप्टिकल फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची घट किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल असते, म्हणजे १०० किलोमीटरनंतर मूळ शक्तीचा केवळ शंभरावा भाग उरतो. १९८८ मध्ये सुरू झालेल्या टॅट-८ या अटलांटिकपार केबलमधील प्रत्येक रिपीटर प्रकाशाचे विजेत रूपांतर करून संकेत नव्याने घडवत असे आणि मगच तो पुन्हा प्रकाशरूपात पुढे पाठवत असे. १९९६ च्या टॅट-१२ मध्ये त्याची जागा एर्बियमयुक्त फायबरच्या ॲम्प्लिफायरने घेतली, जो प्रकाशाला प्रकाशरूपातच बलवान करतो. मात्र पुनर्निर्मितीत शक्ती वाढवणे, स्पंदांचा आकार सुधारणे आणि त्यांची वेळ अचूक करणे अशी तीन कामे येतात. ॲम्प्लिफायर त्यांपैकी पहिलेच करतो, शिवाय संकेतात मिसळलेला नॉइजही वाढवतो आणि त्यात स्वतःची भर घालतो.

गैरसमज २ : प्रकाशीय स्विच राउटरप्रमाणे प्रत्येक पॅकेटचा पत्ता वाचतो.

वस्तुस्थिती : सूक्ष्म आरशांचा स्विच आरशांचे कोन बदलून संपूर्ण प्रकाशकिरण एका फायबरमधून दुसऱ्यात वळवतो, पण किरणातील माहिती त्याला कळत नाही. पत्ता वाचेपर्यंत पॅकेट थांबवून ठेवील अशी व्यवहार्य प्रकाशीय स्मृती उपलब्ध नाही. फायबरच्या वेटोळ्यात प्रकाश फिरवत ठेवायचा, तर एका मायक्रोसेकंदाच्या विलंबासाठी सुमारे २०० मीटर फायबर लागते.

गैरसमज ३ : पुनर्निर्मितीसाठी प्रकाशाचे विजेत रूपांतर अटळच आहे.

वस्तुस्थिती : संशोधक पावेल मामिशेव यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तीव्र स्पंदाचा वर्णपट फायबरमध्ये रुंदावतो आणि मूळ तरंगलांबीपासून बाजूला सरकवलेला फिल्टर त्या रुंदावलेल्या भागालाच वाट देतो, क्षीण नॉइजचा वर्णपट रुंदावत नसल्याने तो अडतो. तरीही ही पद्धत मुख्यतः प्रकाश असणे-नसणे एवढ्यावर आधारलेल्या संकेतांना मानवते, तर आजचे दूरपल्ल्याचे संकेत प्रकाशाच्या कलेतही (फेजमध्येही) माहिती साठवतात, आणि एकाच फायबरमधून जाणाऱ्या अनेक तरंगलांबींसाठी सहसा स्वतंत्र उपकरणे लागतात. संकेताचे वर्णीय अपस्करण, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींचा वेग वेगळा असल्याने स्पंद पसरणे, आता स्वीकारणाऱ्या टोकावरील इलेक्ट्रॉनिक प्रक्रियेने दुरुस्त होते. साचलेला नॉइज मात्र त्या प्रक्रियेने नाहीसा होत नाही, म्हणून अतिदीर्घ मार्गांवर विजेच्या साहाय्याने होणारी पुनर्निर्मिती आजही टिकून आहे.